खांड राख

मी मराठीची शिक्षिका आहे आणि मला लाल पेनाची खोड आहे. लग्नपत्रिका हातात आली की मुहूर्ताच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते. आम्ही राहतो त्या तळा गावच्या स्टँडवर एसटीच्या पाटीत एखादा ऱ्हस्व दीर्घ झालेला दिसला की गाडी येईपर्यंत माझा जीव जळत राहतो. नवरा म्हणतो, “तू वर गेलीस की चित्रगुप्ताच्या वहीतल्याही चुका काढशील.” हे सगळं आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते याच खोडीपायी घडलं आणि त्यात माझे वडील दुखावले गेले.

आमचं गाव पेण तालुक्यात, धरमतरच्या खाडीला लागून. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती आणि मधे मातीचा लांब बांध. तो बांध आहे म्हणून शेती आहे, नाहीतर भरतीचं खारं पाणी थेट ओट्यापर्यंत यायचं. वडिलांनी तरुणपणी मिठागरावर काम केलं, मिठागर बंद झाल्यावर शेती केली. मी मात्र पाचवीपासून पेणला मामाकडे शिकायला राहिले. पुढे डी.एड., नोकरी, लग्न, सगळं गावाबाहेरच झालं. गाव मला सुट्टीपुरतं ठाऊक होतं.

गावापासून दहा मिनिटं चाललं की बांधावरच आमच्या देवीचं ठाणं आहे. मूर्ती नाही, शेंदूर लावलेला गुडघाभर उंचीचा दगड आहे. चैत्री पौर्णिमेला सगळं गाव तिथे जमतं आणि गावाच्या वतीने एक जण हातात नारळ धरून तिला गाऱ्हाणं घालतो. ते काम आधी माझ्या आजोबांकडे होतं, मग वडिलांकडे आलं. गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. वडील डोळे मिटून म्हणत जायचे, “आये, लेकराबालांना राख. गुराढोरांना राख. भाईर गेल्याला राख, घरात ऱ्हायल्याला राख. खांड राख. भरतीला थोपव, सुकतीला वाट दे.” प्रत्येक मागण्याला सगळा गाव एका आवाजात म्हणायचा, “व्हय गो आये!”

आणि गाऱ्हाण्याच्या आधी एक गोष्ट व्हायची, जिची मला लहानपणापासून लाज वाटायची. प्रत्येक घरातलं एक माणूस खाडीकडच्या उतारावरून चिखलाचा एक गोळा आणायचं आणि देवीच्या पायाशी ठेवायचं. हार, फुलं, ओटी, सगळं त्यानंतर. पेणच्या शाळेतल्या एका मैत्रिणीने हे कुठूनतरी ऐकलं होतं. तिने वर्गात मोठ्याने विचारलं, “तुमच्या देवीला चिखल वाहतात?” मी ठासून सांगितलं, “नाही.” देवीच्या बाबतीत मी बोललेलं ते पहिलं खोटं.

सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने आणि त्याच्या मित्रांनी देवळाचं काम काढलं. भावाचे ट्रेलर न्हावा शेव्याला चालतात आणि हाती घेतलेलं काम तो झोकात करतो. दगडावर छप्पर आलं, भोवती गाभारा झाला, खाली पांढरीशुभ्र लादी बसली. मग तो मला म्हणाला, “ताई, जत्रेला एक छोटं पुस्तक काढूया. आरत्या टाकू, आईची माहिती टाकू आणि बाबांचं गाऱ्हाणं टाकू. बाबांच्या नंतर कोणाला येणार ते?” मला विचार फारच आवडला. मी वडिलांना समोर बसवून गाऱ्हाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि लिहून काढलं.

लिहून काढलं, म्हणजे सुधारलं. ‘लेकराबालांना’चं ‘लेकराबाळांना’ केलं, ‘भाईर’चं ‘बाहेर’ केलं. ‘खांड राख’पाशी अडले. खांड म्हणजे काय? चार सेकंद विचार केला असेन. मूळ शब्द ‘अखंड’ असणार, बोलण्यात झिजला असणार, असं ठरवून मी लिहिलं, ‘आम्हांस अखंड राख’. वाक्य कसं भारदस्त झालं! शेवटच्या पानावर भाविकांसाठी सूचना होत्या, त्याही मीच लिहिल्या. चौथी सूचना अशी: ‘गाभाऱ्यात चिखल आणू नये. त्याऐवजी फुले वाहावीत.’ ‘वाहावीत’ शुद्ध लिहिल्याचं समाधानही वाटलं होतं, तेवढं आठवतं.

छापायला देण्यापूर्वी मी ते वडिलांना वाचून दाखवलं. ते मान खाली घालून ऐकत होते. ‘अखंड’पाशी त्यांनी मान वर केली.

“आसं हाय व्हय ते?” त्यांनी विचारलं.

“हो बाबा. मूळ शब्द तोच असणार. म्हणता म्हणता बदलला असेल.”

ते म्हणाले, “तू लिवलंस तं बरोबरच असंल, बाय.” आणि उठून बांधाकडे फिरायला गेले.

त्या चैत्रात त्यांनी नारळ हातात घेतला नाही. “आता पुस्तक हाय. कुनीबी वाचंल,” असं म्हणून मागे जाऊन उभे राहिले. कमिटीतल्या एकाने पुस्तकातून गाऱ्हाणं वाचलं, माइकवरून, चष्मा पुसत पुसत. पुढच्या वर्षीही तसंच. सलग पाच वर्षं वडील मागच्या रांगेत उभे होते आणि मला वाटलं, वय झालं, उभं राहवत नसेल, दमत असतील. माझ्या वडिलांचा आवाज मी काढून घेतला आहे हे मला कळलंच नाही. लादी स्वच्छ राहत होती याचंच मला कौतुक.

शेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. धर्म आणि लोकसंस्कृती असा विषय, अलिबागला शनिवार-रविवारी वर्ग. नाव घालायच्या आधी मी बरेच दिवस घुटमळत होते. कारण सांगायला जरा संकोच वाटतो. लग्नानंतर सहा वर्षं मला मूल नव्हतं. त्या दिवसांत रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावून मी स्तोत्र म्हणायचे आणि त्या दहा मिनिटांच्या आधारावर पुढचा दिवस काढायचे. मुलगी झाली, ती कॉलेजात गेली, तरी दिवा सुटला नाही. आता एखादी प्रथा कुठून आली, कोणी सुरू केली, कशासाठी केली, हे सगळं कळल्यावर हात जोडायला काही उरलंच नाही तर? नवरा थट्टेत म्हणाला, “म्हणजे आता देवाला उघडून आत काय आहे ते बघणार.” मी त्याच्यावर खेकसले, कारण मला अगदी तीच भीती होती.

वर्गाला शिकवणारे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, “सहा महिने ‘बरोबर’ आणि ‘चूक’ हे दोन शब्द घरी ठेवून या. कोण करतं, कुठे करतं, कधी करतं, हातात काय असतं, एवढंच विचारा.” माझ्यासारख्या बाईला हे म्हणजे तोंडाला पट्टी बांधल्यासारखंच होतं. पण मी नेटाने वह्या भरत गेले. माझ्या शेजारी मुरुडची एक शिक्षिका बसायची. ती उर्दू शाळेत शिकवते आणि डब्यात नारळीपाकाच्या वड्या आणते, आमची दोस्ती त्या वड्यांवरच जमली.

तिसऱ्या महिन्यात प्रत्येकाने आपल्या गावातल्या एका पूजेवर लिहून वर्गात वाचायचं होतं. मी आमच्या देवीवर लिहिलं. गाऱ्हाणं पुस्तकातलंच घेतलं आणि प्रामाणिकपणे खाली टीप दिली: ‘मूळ उच्चार: खांड राख (अशुद्ध)’. वाचून झालं तशी मुरुडची मैत्रीण म्हणाली, “ताई, यात अशुद्ध काय आहे?”

“अगं, अखंडचं खांड झालंय.”

“खांड म्हणजे खांड. बांधाला भगदाड पडतं ना, ती खांड. आमच्या अब्बांची खाडीकाठी शेती होती. खांड गेली असं कोणी ओरडलं की अब्बा ताटावरून उठून पळायचे. एकदा खारं पाणी आत शिरलं की तीन वर्षं भात नाही. दादी तर उधाणाच्या दिवशी नमाज झाली की हीच दुआ मागायची, या अल्ला, खांड जाऊ देऊ नको.” मग माझ्याकडे नवलाने बघत ती म्हणाली, “तुमची देवी बांधावर बसलीय आणि तुम्हाला खांड माहीत नाही?”

ती टोमणा मारत नव्हती, तिला खरंच आश्चर्य वाटलं होतं. वीस वर्षं मराठी शिकवणाऱ्या बाईला तिच्याच गावाचा शब्द मुरुडच्या उर्दू शाळेतल्या बाईने समजावून सांगितला होता. सरांनी फळ्यावर ‘खांड’ असा मोठा शब्द लिहिला आणि एवढंच विचारलं, “मग तो चिखलाचा गोळा कशासाठी असेल?” त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला उत्तर कळलं होतं.

त्या रविवारी मी घरी परतायची तळ्याची गाडी पकडलीच नाही, सरळ गावी गेले. वडील ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले, मूठभर वाल ओढून घेतले आणि विचारलं, “बाबा, खांड म्हणजे काय?”

त्यांचे हात थांबले नाहीत. “पाच वर्सांनी इचारलंस,” ते म्हणाले.

मग त्यांनी चपला घातल्या आणि मला बांधावर घेऊन गेले. खाडीला सुकती होती, पाणी ओसरलं होतं. बांधाखालचा चिखल उन्हात चमकत होता, खेकड्यांची बिळं दिसत होती. देवळापाशी उभं राहून त्यांनी हाताने दाखवलं, इथपासून तिथपर्यंत. त्यांच्या आजोबांच्या वेळेला चैत्री पौर्णिमेच्या उधाणात, दुपारच्या भरतीला इथे खांड गेली होती. सगळा गाव धावला. बाया-माणसं एका रांगेत उभी राहिली आणि चिखलाचे गोळे एका हातातून दुसऱ्या हातात देत देत भगदाड बुजवत गेली. भगदाड जेवढं लहान होत जातं तेवढा पाण्याचा जोर वाढतो, शेवटचा गोळा काही केल्या ठरेना. तेव्हा कोणीतरी एक दगड आणून त्या तोंडात उभा केला. तो ठरला. दुसऱ्या दिवशी बायांनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, ओटी भरली.

“ती हीच,” वडील म्हणाले. “म्हून घरटी गोला. परतेकानं आपल्या हातचा लावायचा. कुनाचा ऱ्हायला तं बांध तिथं कच्चा. आनि खांड राख म्हंजे काय, आये, त्या तोंडाशी तू बस. आमी हाव मागं.”

मी गाभाऱ्याच्या पांढऱ्या लादीकडे बघत होते. माझ्या चौथ्या सूचनेने गावाला आपल्याच बांधावरून हात काढायला लावला होता. “बाबा, तेव्हाच का नाही सांगितलंत मला?” मी विचारलं आणि मला रडू आलं.

“तू इचारलंस कुठं? तू सांगत व्हतीस.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं.

घरी परतल्यावर मी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे दिवा लावला. भीती होती ती याच क्षणाची. आता मला सगळं माहीत होतं: दगड कुठून आला, चिखल का, पौर्णिमा का, शब्द काय. देवी कशी झाली तेही माहीत होतं, माणसांनी उभी केली होती, गुडघाभर पाण्यात. तरीही माझे हात जोडले गेले आणि आजवर कधी इतके घट्ट जोडले गेले नव्हते. स्तोत्र म्हणताना एरवी माझं अर्धं लक्ष जोडाक्षरांवर आणि अर्धं न तपासलेल्या वह्यांवर असायचं. त्या दिवशी मी स्तोत्र म्हटलंच नाही. एवढंच म्हटलं, “आये, खांड राख.” मूल नव्हतं त्या सहा वर्षांत मला नेमकं काय म्हणायचं होतं, ते माझ्या गावाने कधीच शब्दांत मांडून ठेवलं होतं आणि मी त्याच्यावर लाल रेघ मारली होती. मला देव पहिल्यांदा ओळखीचा वाटला, आपल्या माणसांचा. मुरुडच्या त्या दादीला मी कधी पाहिलं नाही, पण त्या संध्याकाळी तिचेही आभार मानले. तिने आपल्या देवाकडे तेच मागितलं होतं, बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून.

मग भावाशी भांडण. तो आधी हसला आणि मग वैतागला. “ताई, पांढरी लादी हाय ती! तूच सूचना लिवलीस, आता तूच चिखल आण म्हणतेस?” मी म्हटलं, “हो, मीच लिहिलं आणि चुकले.” चुकले हा शब्द माझ्या तोंडून त्याने बहुधा आयुष्यात प्रथमच ऐकला असावा, कारण पुढे त्याने लादीचं नावही काढलं नाही. गावच्या बैठकीतही मी उभी राहून तेच सांगितलं. म्हाताऱ्या बायांपैकी एक जण म्हणाली, “आमी घरी पोरींना सांगत व्हतो गो, पन पुस्तकाफुडं कोन बोलनार?” उरलेली पुस्तकं देवळाच्या कपाटात होती. ती सगळी मी घरी आणली आणि दोन रविवार बसून प्रत्येकातल्या ‘आम्हांस अखंड’वर लाल रेघ मारून वर ‘खांड’ लिहिलं. चौथी सूचनाही खोडली. इतक्या आनंदाने मी आजवर एकही पेपर तपासलेला नाही.

वडिलांना मात्र कसं विनवायचं ते कळेना. “नारळ तुम्ही घ्या,” असं म्हटलं की ते म्हणायचे, “बगू.” पाच वर्षं गाऱ्हाणं न घातलेला, अठ्ठ्याहत्तरीचा माणूस. त्यांना आता ते सलग आठवत असेल का, ही शंकाही मला पोखरत होती. बोलून दाखवायची हिंमत नव्हती. चैत्र येईपर्यंत मी तीच एक गोष्ट देवीकडे मागत होते.

गेल्या चैत्रात मुरुडची मैत्रीण आमचा बांध बघायला आली होती. सकाळची सुकती होती. घरोघरचं एकेक माणूस उतारावरून चिखल घेऊन वर येत होतं, आमच्या घरचा गोळा भावाने मला आणायला लावला. लादीवर चिखलाची घोट्याएवढी रास झाली आणि भाऊ तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. कमिटीवाल्याने पुस्तक काढलं. तेवढ्यात वडील मागच्या रांगेतून पुढे आले, त्याच्या हातातला नारळ घेतला आणि डोळे मिटले.

आवाज पहिल्यासारखा नव्हता, कापत होता. “आये, लेकराबालांना राख.” “व्हय गो आये!” “गुराढोरांना राख.” “व्हय गो आये!” “भाईर गेल्याला राख, घरात ऱ्हायल्याला राख.” “व्हय गो आये!” आणि ते थांबले. सगळा गाव थांबला. वडील नारळ धरून तसेच उभे, ओठ मिटलेले. पाच वर्षं तो शब्द मी त्यांच्या तोंडून काढून घेतला होता, नेमका तोच आता सापडत नव्हता. मी बायांच्या घोळक्यात मागे होते. कोण काय म्हणेल याचा विचार न करता, चिखलाचे हात तसेच जोडून मी ओरडले, “खांड!”

वडिलांनी डोळे न उघडता म्हटलं, “राख.”

“व्हय गो आये!” त्या वर्षीचा तो ओरडा खाडीच्या पलीकडे ऐकू गेला असेल. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मुरुडच्या मैत्रिणीने डोळे पुसत “आमीन” म्हटलं ते फक्त मला ऐकू आलं. पुढचं सगळं गाऱ्हाणं वडिलांनी एका दमात पुरं केलं, एकही शब्द अडला नाही.

परतताना बांधावरून मी त्यांचा हात धरून चालत होते. माझ्या नखांत अजून चिखल होता. न राहवून मी म्हटलं, “बाबा, घाबरवलंत की हो. मला वाटलं, विसरलात.”

“इसरीन कसा?” त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. “मास्तरीन बाईंना येतं का, बगत व्हतो.”